शून्यावर आणलेले अपघात

स्वतःच्या यशाबद्दल पाच मिनिटं बोलायचं, आणि तेही इंग्रजीतून, अशी शिक्षा कुठल्याही कायद्याच्या पुस्तकात नाही. तरी ती प्रेशररावांना झाली. त्यांचा गुन्हा म्हणाल तर एवढाच, की कापड रंगवायच्या एका कारखान्यात ते बॉयलरचे फोरमन होते आणि पुढेही तिथेच राहावं अशी त्यांची माफक इच्छा होती.

प्रेशरराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. कॉलनीत कुणाच्याही घरी गेले की गप्पा मारता मारता त्यांचे कान स्वयंपाकघरातल्या कुकरकडे लागत. शिट्टी लांबली की ते बोलायचे थांबत, शिट्टी झाली की अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं करत. असल्या माणसाला दुसरं काय नाव पडणार? पाहुणा म्हणून त्यांच्यात फारशी मजा नव्हती; पण त्यांच्या देखत कुणाच्या घरचं भांडं करपलं नाही, हेही तितकंच खरं.

तर झालं असं, की कारखाना नव्या मालकांनी घेतला आणि नव्या मालकांना जिथे तिथे 'हेड' हवे झाले. बॉयलर, पंप, कॉम्प्रेसर या सगळ्यांवर मिळून एक 'युटिलिटी हेड' नेमायचा, आणि तसा लायक माणूस इथे नसेल तर अख्खं बॉयलर-हाउस ठेकेदाराला देऊन मोकळं व्हायचं, असं वरून ठरलं. ठेकेदार आला की प्रेशररावांची बदली दुसऱ्या कारखान्यात. तो एका रात्रीच्या प्रवासावर. बायकोची शाळेतली नोकरी इथली. सासरे यांच्याकडेच राहायला, आणि त्यांचे गुडघे असे, की त्यांना जिना उतरायचा झाला तर घरात आधी बैठक भरायची. म्हणजे प्रेशरराव तिकडे खानावळीत, बायको आणि सासरे इकडे, आणि उरलेला संसार फोनवर. ह्या वयात!

सासऱ्यांबद्दल इथेच सांगून टाकलेलं बरं. प्रेशररावांच्या आधी त्याच बॉयलरचे फोरमन सासरेच होते. प्रेशरराव त्यांच्या हाताखाली शिकले, मग त्यांचे जावई झाले, मग त्यांच्या जागेवर बसले. कारखान्यात लोक म्हणत, पठ्ठ्याला बॉयलर आंदणात मिळाला.

उमेदवारानं आपली 'सक्सेस स्टोरी' आधी कंपनीच्या संगणकावर भरायची आणि शुक्रवारी समितीपुढे बोलून दाखवायची, असा फतवा होता. प्रेशरराव प्रामाणिकपणे विचाराला बसले. आपलं यश काय? बॉयलर फुटला नाही. कुणी भाजलं नाही. वाफ कमी पडली म्हणून कापडाचा ताका वाया गेला नाही. थोडक्यात, काही झालं नाही. त्यांनी टाइप केलं, 'नथिंग हॅपन्ड.' चौकट लाल झाली. फारच कोरडं झालं असेल म्हणून त्यांनी 'बाय गॉड्स ग्रेस' जोडलं. चौकट लालच राहिली. बॉयलरवर लाल दिवा लागला की काय करायचं हे त्यांना झोपेतही ठाऊक होतं; इथे कुठला कॉक फिरवायचा ते कळेना. शेवटी ते एचआरमधल्या मुलीकडे गेले.

"काका, पण यात तुम्ही केलंत काय?" तिनं विचारलं.

"काही होऊ दिलं नाही."

"हो, पण त्याचा इम्पॅक्ट काय? आधी काय वाईट होतं, तुम्ही काय केलंत, मग काय सुधारलं, असं लागतं. प्रॉब्लेमच नसेल तर सक्सेस कसला?"

"प्रॉब्लेम झाला असता तर मी नसतो, पोरी. आणि हे तुझं ऑफिसही नसतं. ही मागची भिंत आमच्या बॉयलरची आहे."

मुलीनं बोलता बोलता खुर्ची भिंतीपासून पुढे ओढली. पण चौकटीचा रंग काही तिच्या हातात नव्हता.

आता गोम अशी आहे, की यशाबद्दल बोलायची आपल्या जिभेला सवयच नाही. 'कसं काय?' म्हटलं तर 'चाललंय.' पोरगी वर्गात पहिली आली तर 'बरी आहे अभ्यासात.' घर बांधलं तर 'डोक्यावर छप्पर झालं एकदाचं.' दृष्ट लागेल की काय या भीतीनं माणूस आपलं सुखही भाड्यानं आणल्यासारखं दाखवतो. आणि इंग्रजीला तर म्हणे उलटंच लागतं. छाती पुढे, आवाज मोठा, आणि पहिला शब्द 'आय'. प्रेशररावांची छाती तशी पुढे येणारी नव्हती. पुढे यायचं ते काम पोट करत होतं.

संध्याकाळी घरी सल्लागार मंडळ जमलं. बोलावलं कुणीच नव्हतं, पण कॉलनीत संकट आणि इंग्रजी या दोन गोष्टी लपत नाहीत. वरच्या मजल्यावरचे रिटायर्ड ब्रँच मॅनेजर चष्मा पुसत आले. त्यांनी जन्मभर लोकांना इंग्रजीत नकार कळवले होते, त्यामुळे भाषेवर त्यांचा मोठा अधिकार होता.

"'सक्सीडेड' म्हणू नका, गर्विष्ठ वाटतं," ते म्हणाले. "'अचीव्ह्ड' ठीक आहे, पण पुढे तेवढं वजनदार काहीतरी हवं. सभ्य माणूस म्हणतो, 'आय वॉज फॉर्च्युनेट इनफ टू'."

"फॉर्च्युनेट म्हणालात तर लॉटरीचं तिकीट हातात देऊन घरी पाठवतील," मेहुणा म्हणाला. हा सासऱ्यांचा धाकटा मुलगा. पाणी शुद्ध करायची यंत्रं दारोदार विकायचा आणि विक्रीच्या मीटिंगमध्ये कानावर पडेल ते इंग्रजी उचलायचा. "काका, तुमचं इंग्रजी पेन्शनीत निघालं. हल्ली म्हणतात 'आय क्रश्ड इट'. नाहीतर 'आय किल्ड इट'."

"बॉयलरचा फोरमन 'किल्ड' म्हणाला तर आधी पोलीस येतील," बायको वह्या तपासता तपासता म्हणाली.

"मग 'स्मॅश्ड' म्हणा. 'वुई आर ऑन फायर' म्हणा. आमच्यात एक जण म्हणतो, 'आवर नंबर्स जस्ट एक्स्प्लोडेड'."

प्रेशररावांच्या अंगावर काटा आला. क्रश, स्मॅश, फायर, एक्स्प्लोड. इंग्रजीतलं सगळं यश त्यांना अपघातासारखं ऐकू येत होतं. ज्या गोष्टी होऊ नयेत म्हणून त्यांनी जन्म घालवला, त्याच झाल्या असं सांगितल्याशिवाय इथे कुणी शाबासकी द्यायला तयार नव्हतं.

पुष्कळ घासाघीस झाली. मॅनेजरसाहेब एक शब्द मागे घेत, मेहुणा एक शब्द कमी करी. अखेर मेहुण्यानं एचआरवाल्या मुलीच्या मागणीबरहुकूम वाक्य पाडलं, 'आय टर्न्ड अराउंड अ डेंजरस बॉयलर-हाउस अँड ब्रॉट ॲक्सिडेंट्स डाउन टू झीरो.' म्हणजे एका धोकादायक बॉयलर-हाउसचा मी उद्धार केला आणि अपघात शून्यावर आणले.

बायकोनं वही मिटली. "डेंजरस कधी होतं ते?"

"ताई, इंग्रजीत असंच म्हणतात."

"आणि अपघात कुठले?"

"अगं, असंच म्हणतात! शून्य खरं आहे ना? मग झालं तर."

हा युक्तिवाद इतका सफाईदार होता की बायकोनं वही पुन्हा उघडली. दुसऱ्या दिवशी कारखान्यात प्रेशररावांनी वाक्य संगणकात घातलं. चौकट हिरवी झाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना नीट श्वास घेता आला, आणि माणसाची अक्कल अशा वेळीच दगा देते.

आता वाक्य जिभेवर बसवायचं होतं. प्रेशरराव गॅलरीत उभे राहून, रेलिंगलाच समिती समजून सराव करू लागले. सासरे आतल्या खोलीतून काठी टेकत आले.

"जावईबापू, हे टर्न्ड अराउंड म्हणजे हो काय?"

प्रेशररावांच्या तोंडचं पाणी पळालं. "ते... वळवणं, मामा. पाणी वळवतात ना, तसं."

"फीडचं पाणी? बॉयलरात सोडतात ते?"

"हो. तेच."

सासऱ्यांचं समाधान झालं असतं. पण तेवढ्यात वर्तमानपत्र परत करायला मॅनेजरसाहेब आले आणि सासऱ्यांनी खात्री करून घ्यावी म्हणून त्यांनाही विचारलं. इंग्रजीचा अर्थ विचारणारा माणूस मॅनेजरसाहेबांना रोज कुठे मिळतो!

"टर्नअराउंड म्हणजे आधी सगळ्याचं पार वाटोळं झालं होतं आणि मग ह्यांनी येऊन सावरलं," ते खुलून म्हणाले. "काय सुरेख प्रयोग आहे पाहा. आधीच्या माणसाचं नाव घेतलं नाही, पण ठेवलंही नाही."

सासऱ्यांनी मॅनेजरसाहेबांना चहा घेणार का विचारलं आणि ते हळूहळू आत निघून गेले. तेव्हापासून त्यांचं जावयाशी बोलणं लेकीमार्फत सुरू झालं. 'त्यांना म्हणावं, दार लावून घ्या.' 'त्यांना विचार, पंखा हवाय का.' जेवताना मीठ हवं असलं तरी ते लेकीकडे मागत, आणि मिठाची वाटी जावयाच्या हाताशी असे.

"मामा, नुसता शब्द आहे हो तो," प्रेशरराव एकदा काकुळतीला येऊन म्हणाले.

"बॉयलरवर नुसतं काही नसतं," सासऱ्यांनी भिंतीला सांगितलं.

शुक्रवार उजाडला. मीटिंग रूममध्ये एचआरवाली मुलगी, कारखान्याचे मॅनेजर, आणि भिंतीवरच्या पडद्यावर मुख्य कचेरीतले मोठे साहेब, प्रत्यक्षापेक्षा दुप्पट आकाराचे. प्रेशरराव उभे राहिले. शर्ट पाठीला चिकटलेला. पण वाक्य एका दमात, स्वल्पविरामासकट, जसंच्या तसं बाहेर पडलं. मोठे साहेब पुढे झुकले. 'इम्प्रेसिव्ह' म्हणाले. एचआरवाल्या मुलीनं टेबलाखालून अंगठा दाखवला. खानावळ, रात्रीचा प्रवास, फोनवरचा संसार, सगळं विरून चाललं.

"डाउन टू झीरो," मोठे साहेब म्हणाले. "फ्रॉम हाउ मेनी?"

किती अपघातांवरून शून्यावर आणलेत? सरळ साधा प्रश्न. सल्लागार मंडळात तो कुणालाच सुचला नव्हता.

"फ्रॉम... सम, सर."

"हाउ मेनी इज सम?"

"फ्यू, सर."

कारखान्याच्या मॅनेजरांनी समोरच्या लॅपटॉपवर काहीतरी उघडलं, खाली गेले, वर आले, आणि पडद्याकडे बघून मान हलवली. बॉयलर-हाउसमध्ये अपघात झाल्याची एकही नोंद नव्हती. मोठे साहेब मागे टेकले. मग त्यांनी अतिशय शांतपणे एक एक शब्द सुटा करून सांगितलं. अपघात झाले, हे फोरमन स्वतः सांगतो आहे. नोंद एकही नाही. म्हणजे अपघात दडवले गेले.

टेबलाखालचा अंगठा केव्हाच दिसेनासा झाला होता.

चौकशी लागली. मुख्य कचेरीतून अधिकारी येणार, आणि त्याचा अहवाल येईपर्यंत प्रेशररावांची नेमणूक आणि नोकरी दोन्ही टांगणीला. अपघात झाले होते म्हणावं, तर ते दडवल्याबद्दल घरी बसावं लागणार. झाले नव्हते म्हणावं, तर समितीपुढे खोटं बोलल्याबद्दल घरी बसावं लागणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही आपल्याच हातांनी, इंग्रजीत खणलेली.

कॉलनीनं सांत्वन करण्यात कसूर केली नाही. "'सम' म्हणायला नको होतं," मॅनेजरसाहेब हळहळले. "'निग्लिजिबल' म्हणाला असतात तर बाजू भक्कम होती." मेहुण्याच्या मते चूक शब्दाची नव्हतीच, आत्मविश्वासाची होती, ठणकावून 'सेव्हन' म्हणायचं. प्रेशररावांना त्या दोघांना एका वेळी जिन्यावरून ढकलून द्यावंसं वाटलं. पण तोही अपघातच झाला असता, आणि त्याची नोंद करावी लागली असती.

चौकशी अधिकारी आला तो सडपातळ, अगदी मृदू बोलणारा. असल्या माणसांची जास्त भीती वाटते. बॉयलर-हाउसमध्ये शिरल्या शिरल्या त्यानं विचारलं, "इथे काय झालं होतं?"

"इथे काही नाही."

"मग त्या पंपापाशी?"

"तिथेही नाही."

"चिमणीजवळ?"

"तिथे एकदा मांजर व्यायली होती," प्रेशरराव म्हणाले. काहीतरी द्यावं म्हणून त्यांनी ते दिलं. अधिकाऱ्यानं ते टिपून घेतलं नाही.

फेरी संपल्यावर त्यानं प्रेशररावांना मीटिंग रूममध्ये नेलं, दार लोटलं आणि अचानक खुर्चीत खचूनच बसला. "हे बघा," तो हळू आवाजात म्हणाला, "मलाही माझी सक्सेस स्टोरी भरायची आहे. एवढ्या लांब आलो, चौकशी केली आणि काही सापडलं नाही, हे यश होत नाही हो. मागच्या दोन्ही चौकश्यांत काही निघालं नाही. आता ह्यातही नाही निघालं, तर मला म्हणतील की तुमचा उपयोग काय? काहीतरी द्या. लहानसं."

प्रेशररावांना त्याची दया आली. समोर बसलेला माणूस आपल्याच आजाराचा निघाला की राग टिकत नाही.

"तुमच्या वेळी काही झालं नसेल," अधिकारी पुढे म्हणाला. "पण तुमच्या आधीचा फोरमन? त्याच्या वेळी एखाददोन झाले असतील. त्यानं कळवले नाहीत. तुम्ही आलात, सुधारणा केलीत, शून्यावर आणलेत. तुमचं वाक्य खरं ठरतं, माझी चौकशी फळाला येते, आणि तो माणूस रिटायर, त्याचं कोण काय वाकडं करणार? त्याचा एक जबाब घेतला की झालं. कुठे असतो तो?"

"आमच्या घरी," प्रेशरराव म्हणाले.

"अरे वा! मग तर सोपंच आहे."

प्रेशररावांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मेहुणा उठूनच उभा राहिला. "मी घेतो बाबांचा जबाब. त्यांना काय फरक पडतो?"

"खाली बस," बायको म्हणाली. ती सहसा आवाज चढवत नसे. आताही चढवला नव्हता. "आमच्या एकाही वाढदिवसाला बाबा वेळेवर घरी आले नाहीत. का, तर बॉयलर. आई आजारी होती तेव्हासुद्धा ड्यूटी संपवून आले. आम्ही चिडायचो, रडायचो, आणि मग एवढंच म्हणायचो, की निदान तिथे कधी काही झालं नाही. आमच्या वाटणीचे बाबा तिकडे खर्च झाले ते कशासाठी, तर ह्यासाठी. आता तेही काढून घ्यायचं?"

मेहुणा खाली बसला.

"तुम्ही लांब गेलात तर माझं काय होईल हे मला कळत नाही असं नाही," ती नवऱ्याकडे वळून म्हणाली. "जबाब हवाच असेल तर तुम्ही मागा. मी विचारणार नाही."

प्रेशरराव सासऱ्यांच्या दारात गेले. सासरे पलंगावर बसून गुडघ्याला तेल चोळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"काय?" ते म्हणाले. त्या 'वाटोळ्या'नंतर जावयाला उद्देशून आलेला हा पहिला शब्द.

प्रेशररावांनी तोंड उघडलं. ज्या हातांनी त्यांना पहिल्यांदा कॉक फिरवायला शिकवलं, ते हात तेलानं चकाकत होते. "काही नाही, मामा," ते म्हणाले. "दिवा लावू का?"

"असू दे."

ते मागे फिरले. त्यांना स्वतःची लाज वाटत होती, आणि बदलीची धास्ती तसूभरही कमी झाली नव्हती. दोन्ही एकाच पोटात मावतात, हे त्यांना नव्यानंच कळलं. त्यांच्या घराच्या भिंती कागदाच्या जाडीच्या आहेत, हे मात्र त्या गडबडीत कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मीटिंग रूममध्ये पुन्हा सगळे जमले. पडद्यावर मोठे साहेब. अधिकाऱ्याची बोटं लॅपटॉपवर तयार. प्रेशरराव उठले आणि 'सर' म्हणून थांबले, कारण दार उघडलं होतं आणि दारात सासरे उभे होते. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात काठी, चेहरा घामानं डबडबलेला. घरात बैठक न भरवता ते जिना उतरले होते आणि रिक्षा करून एकटे आले होते. एचआरवाल्या मुलीनं धावत जाऊन खुर्ची दिली.

"मी ह्यांच्या आधीचा फोरमन," ते बसता बसता म्हणाले. जावयाकडे त्यांनी बघितलंच नाही. "माझ्या वेळी ॲक्सिडेंट झाले. मी कळवले नाहीत. लिहून घ्या."

"मामा!" प्रेशरराव म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा."

अधिकाऱ्याचा चेहरा उजळला. "सांगा, सांगा. सावकाश सांगा."

"गेजची काच फुटली. बॉयलरात पाणी किती आहे ते दाखवणारी काचेची नळी असते, ती. फाडकन फुटली. उकळतं पाणी आणि वाफ चहूकडे."

लॅपटॉप खडखडू लागला. "कोण भाजलं?"

"भाजेल कोण? बाहेरून जाळी होती. मी दोन्ही कॉक बंद केले."

"पण कॉक बंद करताना तुम्हाला..."

"कॉकला लांब साखळ्या लावून घेतल्या होत्या मी. जवळ जायचं कामच नाही."

अधिकाऱ्यानं लिहिलेलं खोडलं. सासऱ्यांच्याही लक्षात आलं, की हे काही जमलं नाही. त्यांनी कपाळ पुसलं आणि पुन्हा सुरुवात केली. "दुसरा मोठा झाला. फीडचा पंप बंद पडला. खाली आग धडधडतेय आणि आत पाणी नाही. ह्याच्याइतकं वाईट दुसरं काही नसतं."

एचआरवाल्या मुलीनं तोंडावर हात ठेवला. भिंतीपलीकडून बॉयलरची घरघर ऐकू येत होती.

"मग?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"मग मी आग काढली."

"आग काढली?"

"आधी आग. काही झालं तरी आधी आग. घाबरून पाणी सोडलं की खेळ खलास. आग काढायची, माणसं बाहेर काढायची, आणि बॉयलर आपोआप निवेपर्यंत कुणाला आत जाऊ द्यायचं नाही. मी दारातच बसून राहिलो."

"आणि स्फोट?"

सासरे पुढचा अपघात शोधू लागले. यातलं काहीएक घडलं नव्हतं. त्या सगळ्या वर्षांत प्रेशरराव तिथेच मदतनीस होते, त्यांना हे पक्कं माहीत होतं. म्हातारा माणूस जावयासाठी जागच्या जागी अपघात रचत होता. डोळे मिटलेले, टेबलावरचा उजवा हात आपोआप गोल फिरत होता. सेफ्टी व्हॉल्व्ह अडकला, त्यांनी हातानं उचलून वाफ सोडली. पाइपाचा जोड सुटला, सुटायच्या आदल्या दिवशीच त्यांना तो ओला दिसला होता. अपघात दाराशी येई, उंबऱ्यात पाय ठेवी, आणि तेवढ्यात म्हाताऱ्याचा हात व्हॉल्व्हवर जाई.

कारखान्याचे मॅनेजर हे सगळं इंग्रजीत सांगत होते, ते ऐकून पडद्यावरच्या मोठ्या साहेबांनी काहीतरी विचारलं. अधिकाऱ्यानं मराठीत सांगितलं, "साहेब विचारतायत, एवढं सगळं झालं, मग फुटला कधी?"

"फुटेल कसा?" सासरे एकदम गरजले. "मी होतो ना तिथं!"

आपण सगळं घालवलं, हे सासऱ्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत गेलं. त्यांनी मान खाली घातली.

प्रेशररावांना पुढचं ठरवावं लागलं नाही. त्यांच्या तोंडून इंग्रजी बाहेर पडलं ते तालमीचं नव्हतं. "सर, ही इज लायिंग. फॉर मी. नो ॲक्सिडेंट, सर. नॉट इन हिज टाइम, नॉट इन माय टाइम. आय सेड राँग थिंग. आय डिड नॉट टर्न अराउंड एनीथिंग. ही गेव्ह मी अ गुड बॉयलर. आय केप्ट इट." ते खाली बसले.

मोठे साहेब भराभर बोलले, इतकं की प्रेशररावांना कान देऊन ऐकावं लागलं. समितीला खोटं सांगितल्याबद्दल लेखी ताकीद. 'हेड' हा हुद्दा मिळणार नाही. आणि दोन फोरमननी मिळून जिवाचा आटापिटा करूनही ज्या जागेचा एक अपघात सांगता येत नाही, ती जागा ठेकेदाराला देण्याइतका मी वेडा नाही. फोरमन आहे तिथेच राहील. पडदा काळा झाला.

अधिकाऱ्यानं सुस्कारा सोडला, थोडा वेळ छताकडे पाहिलं आणि एचआरवाल्या मुलीला विचारलं, "'झीरो ॲक्सिडेंट्स व्हेरिफाइड' चालेल का हो माझ्या स्टोरीत?"

"'इंडिपेंडंटली व्हेरिफाइड' लिहा, सर," ती म्हणाली. "हिरवं होईल."

प्रेशररावांनी सासऱ्यांना हात दिला आणि दोघं जिन्यापाशी आले. सासऱ्यांना पडद्यावरचं इंग्रजी झेपलं नव्हतं. साहेब तावातावानं बोलले आणि गेले एवढंच त्यांना दिसलं होतं. पहिल्या पायरीवर ते थांबले.

"जावईबापू," ते खाली बघत म्हणाले, "फार प्रयत्न केला हो मी. तुमच्यासाठी एक साधा अपघात करायचा होता. तेवढाही जमला नाही मला." त्यांनी काठी पुढे टेकवली. "आता तुम्हाला जावं लागणार."

प्रेशररावांना भडभडून आलं. "नाही, मामा. मी कुठे जात नाही. इथेच ठेवलंय मला."

"कोण म्हणालं?"

"साहेबच म्हणाले. आणि तो शब्द मी परत घेतला. सगळ्यांसमोर."

सासऱ्यांनी जावयाकडे नीट निरखून पाहिलं. चौकशी अधिकाऱ्यापेक्षा त्यांची नजर अवघड होती. मग त्यांनी काठीनं खाली दाखवलं.

"ती तिसरी पायरी ओली आहे," ते म्हणाले. "कठड्याला धरा. आणि पुढे बघून चाला, मी आहे मागे."